झेल आधी फेकणाऱ्याने शिकायचा

प्रश्न: मी यावल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. खेळाच्या तासाला मुलांना गोल उभं करून चेंडू झेलायला लावते. निम्मी मुलं चेंडू आला की डोळे मिटतात, तोंड फिरवतात. चार-पाच जणं तर आता गोलात यायलाच तयार नाहीत, ओसरीवर बसून राहतात. शाळेत दोनच चेंडू आहेत, तेही टेनिसचे. या मुलांना झेल कसा शिकवावा?

उत्तर:

ताई, डोळे मिटणं आणि तोंड फिरवणं ही भित्रेपणाची खूण समजू नका. अंगावर काही येताना दिसलं की डोळे आणि चेहरा वाचवायचा, हे शरीर आपोआप करतं. तीन वर्षांचं मूल दोन्ही हात ताठ पुढे धरून उभं राहतं आणि चेंडू हातांवर आपटून निघून जातो. चार-पाच वर्षांचं मूल चेंडू छातीशी कवटाळतं. फक्त पंजांनी झेलणं बहुतेकांना सहा-सात वर्षांच्या पुढे जमायला लागतं, काहींना आठवं वर्षही लागतं. पहिलीच्या वर्गात या तिन्ही पायऱ्यांवरची मुलं एकत्र बसलेली असतात. एकाचा मोठा भाऊ गल्लीत दिवसभर क्रिकेट खेळत असतो, तर दुसऱ्याने शाळेत येईपर्यंत चेंडू हातात धरलेलाच नसतो. दोघांना एकाच गोलात एकाच चेंडूने खेळायला लावलं, तर जे तुमच्याकडे झालं तेच होणार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या शाळांमध्ये अनेक वर्षं खेळ शिकवतो आहे. माझं सांगणं एकच आहे: झेल सुटला की आधी फेकणाऱ्याकडे बघा. लहान वयात झेल निम्म्याहून जास्त फेकणाऱ्याच्या हातात असतो. पुढच्या तासाला हाताची घडी घालून नुसतं निरीक्षण करा. दुसरीतला एखादा दणकट मुलगा पहिलीतल्या लहानग्याकडे सरळ, जोरात चेंडू मारत असेल. बरेचदा समोरचं मूल त्याच्याकडे बघतही नसतं. चेंडू छातीवर बसतो, बाकीची पोरं हसतात, आणि ते मूल पुढच्या वेळी चेंडू येण्याआधीच मान वळवतं.

यामागचं गणित साधं आहे. दोन मीटरवरून जोरात सरळ मारलेला चेंडू सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात पोचतो. मोठ्या माणसालाही चेंडू दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त लागतो. म्हणजे हात उघडायला त्या मुलाकडे वेळच उरत नाही. तोच चेंडू हात खालून नेऊन, थोडी कमान देऊन टाकला, मुलाच्या डोक्याच्या जरा वर जाऊन छातीसमोर उतरू दिला, तर साधारण दुप्पट वेळ मिळतो. म्हणून पहिले काही तास झेलण्यावर एक शब्दही बोलू नका, फेकणंच शिकवा. नाव घ्यायचं, समोरचा आपल्याकडे बघेपर्यंत थांबायचं, मग खालून हलकेच टाकायचं. झेल सुटला तर तुम्ही फेकणाऱ्याला म्हणा, "परत एकदा, त्याला धरता येईल असा टाक." हे वाक्य रोज कानावर पडलं की वर्गाचा रंग बदलतो. झेल सुटला म्हणून हसण्यात मग काही अर्थच राहत नाही, कारण बोट फेकणाऱ्याकडे गेलेलं असतं.

आता जागेचं बघू. आपल्या शाळांच्या भिंती बोलक्या असतात: पाढे, मुळाक्षरं, फळं, प्राणी, नकाशा. शिकण्यासाठी छान, पण फेकणारा अशा भिंतीपुढे उभा असला की रंगीबेरंगी चित्रांमधून छोटा चेंडू वेगळा ओळखणं लहान डोळ्यांना फार जड जातं. फेकणाऱ्याच्या मागे आकाश, मोकळं मैदान किंवा एकरंगी भिंत यावी अशी मुलं उभी करा. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे पांढरा चेंडू नको, लाल किंवा निळा घ्या. उन्हाचंही तसंच. सकाळच्या शाळेत कोवळी किरणं सरळ डोळ्यांत येतात, तेव्हा झेलणाऱ्याची पाठ सूर्याकडे हवी. या दोन गोष्टी बदलल्या तरी काही मुलांचे डोळे उघडे राहायला लागतात, बाकी काही न शिकवता.

टेनिसचे चेंडू सध्या कपाटात ठेवा. साडेसहा-सात सेंटिमीटरचा चेंडू सहा वर्षांच्या पंजाला पुरता धरता येत नाही, आणि तो उसळतो इतका की हाताला लागला तरी निसटतो. सुरुवातीला लागतो वीसेक सेंटिमीटरचा, हलका, न उसळणारा चेंडू. तो विकत आणायची गरज नाही. आपण कपाशीच्या मुलखात राहतो. मोठ्या माणसाच्या जुन्या मोज्यात कापूस दाबून भरा, तोंड शिवा, वरून जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळून सुई-दोऱ्याने पक्क्या करा. सरकी काढलेली नसली तरी चालतं, उलट थोडं वजन येतं. कापूस फार ठासून भरू नका. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू आत जायला हवा, म्हणजे झेलताना बोटं त्यात रुततात आणि नाकावर बसला तरी दुखत नाही. दुसरं साहित्य म्हणजे पुरचुंडी: तळहाताएवढी कापडी पिशवी, आत दोन मुठी ज्वारी, चारी बाजूंनी दुहेरी शिवण. ती घरंगळत नाही, उसळत नाही, हातात पडली की तिथेच बसते. पालकसभेत आयांना सांगितलं तर आठवड्याभरात प्रत्येक मुलाची एक पुरचुंडी तयार होते.

प्रत्येकाची हवी, हे मी मुद्दाम म्हणतो आहे. तीस मुलं, एक चेंडू आणि अर्धा तास असेल, एका फेकीला दहा सेकंद धरले, तर अर्ध्या तासात एका मुलाच्या वाट्याला सहा झेल येतात. तेही सगळ्यांच्या नजरेसमोर. दोघांत एक चेंडू दिला तर तेवढेच झेल दोन मिनिटांत होतात आणि सुटलेले कोणी मोजत नाही. गोलाचा खेळ मला या वयाला म्हणूनच पटत नाही. पंधरा चिंध्यांचे चेंडू हे दोन महागड्या चेंडूंपेक्षा कितीतरी कामाचे.

खेळांची सुरुवात जमिनीवरून करा. ओसरीच्या फरशीवर मुलं समोरासमोर पाय फाकून बसवा, पायाला पाय लावून. एकाने चेंडू घरंगळत सोडायचा, दुसऱ्याने दोन्ही हातांनी अडवून उचलायचा. यात अंगावर काही येत नाही, पण डोळे चेंडूच्या मागे जायला शिकतात. मोठ्या वर्गाचा जुना व्हॉलीबॉल असेल तर थोडी हवा काढून तो इथे वापरा, फेकाफेकीला मात्र नको, अडीचशे ग्रॅमच्या वर वजन असतं त्याचं. हा खेळ दुसरीतल्या मुलांना दोन दिवसांत कंटाळवाणा होतो. त्यांना एकाच वेळी दोन चेंडू सोडायला सांगा, पुन्हा डोळे लावून बसतील.

मग वरून खाली येणाऱ्या, पण सावकाश येणाऱ्या वस्तू. जुनी पातळ ओढणी कापून हातरुमालाएवढे तुकडे करा. वर फेकायचा, तरंगत खाली येताना धरायचा. नंतर फेकून एक टाळी वाजवून धरायचा, मग दोन टाळ्या, मग गिरकी घेऊन. फुगाही चालतो, फक्त फुटलेल्या फुग्याचे तुकडे ताबडतोब उचला. शाळेत सोबत आलेली धाकटी भावंडं ते तोंडात घालतात आणि ते घशात अडकण्याची भीती असते.

यानंतरचा खेळ माझ्या सगळ्यांत आवडीचा आहे आणि तुमच्या डोळे मिटणाऱ्या मुलांसाठी मी तोच आधी सुचवीन: टांगलेला चेंडू. कांद्याची जाळीची गोणी घ्या, तिचा तुकडा कापून त्यात कापसाचा चेंडू बांधा आणि सुतळीने झाडाला टांगा. अखाजीला (अक्षय तृतीयेला) पोरी झोका बांधतात ती कडुनिंबाची फांदी बहुतेक गावांत शाळेच्या जवळच असते. चेंडू मुलाच्या छातीच्या उंचीवर आला पाहिजे आणि दोरी निदान दोन मीटर लांब हवी. एवढ्या दोरीवरचा चेंडू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला साधारण दीड सेकंद घेतो, म्हणजे बघायला भरपूर वेळ. मूल कुठे उभं करायचं, यात खरी खुबी आहे. हेलकावा जिथे संपतो, तिथे. त्या टोकाला चेंडू क्षणभर थांबतो आणि मागे वळतो. मधोमध उभं केलं तर चेंडू सर्वांत वेगात असतो आणि पोटावर आदळतो. टोकाला उभं केलं तर तो मुलाच्या हातांपाशी येऊन थांबतो. चेंडू ढकलू नका, मागे नेऊन नुसता सोडून द्या.

पहिल्या दहा-बारा हेलकाव्यांत मुलाला हात लावायलाच देऊ नका. हात मागे बांधून फक्त बघायचं. चेंडू येतो, नाकासमोर थांबतो, परत जातो. तो आपल्याला लागत नाही, हे शरीराला स्वतः कळावं लागतं, आपण सांगून भागत नाही. नंतर जाळीच्या आत, चेंडूवर एक कागद चिकटवा आणि त्यावर मोठा अंक लिहा. चेंडू सोडायच्या आधी कागद मुलाला दाखवायचा नाही. तो जवळ आल्यावर "किती?" असं विचारायचं. अंक सांगायचा तर डोळे उघडे ठेवावेच लागतात, आणि लक्ष भीतीवरून अंकावर जातं. पहिलीला अंकओळखही होते. चोपड्याकडच्या एका शाळेत एक मुलगी सुरुवातीला दोन्ही हात गालांवर ठेवून उभी राहायची. अंकाच्या खेळात तिने "सात" सांगितलं तेव्हा हात अजून गालांवरच होते, पण बोटांमधल्या फटीतून डोळे टक्क उघडे होते. मी पुन्हा सोडला, तिने "चार" म्हटलं आणि हात खाली घेतले. चेंडू तिच्या पोटाशी येऊन थांबला होता, तो तिने न सांगता धरला. "धरी लिधा!" (धरला!) असं रांगेतला एक पोऱ्या ओरडला. तिथे मी काहीही बोललो नाही, फक्त पुढचा अंक लावला. अशा वेळी फार कौतुक केलं तर सगळ्यांचे डोळे मुलाकडे वळतात आणि ते पुन्हा आकसून जातं.

टांगलेला चेंडू जमला की टप्प्याचा झेल. दोघांच्या मधोमध खडूने एक गोल काढा. फेकणाऱ्याने चेंडू त्या गोलात टाकायचा, टप्पा पडून वर आला की समोरच्याने धरायचा. टप्प्यानंतर वेग कमी होतो आणि चेंडू खालून वर येतो, चेहऱ्यावर येत नाही. इथे थोडा उसळणारा रबरी किंवा प्लास्टिकचा मोठा चेंडू लागेल. काळ्या मातीच्या मैदानावर टप्पा नीट पडत नाही, पावसाळ्यात तर चेंडू तिथेच रुतून बसतो, म्हणून हे ओसरीवर किंवा सिमेंटच्या चौथऱ्यावर घ्या. मग पुरचुंडी स्वतःच वर उडवून स्वतःच धरणं. आपणच फेकलेली वस्तू कधी आणि कुठे येणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे भीती उरत नाही. आणि सगळ्यांत शेवटी जोडीचा सरळ झेल.

जोडीचा खेळ असा: दोघं दोन पावलांवर समोरासमोर. झेल धरला गेला की दोघांनी एकेक पाऊल मागे, सुटला की एकेक पाऊल पुढे. कोणी बाद होत नाही. ज्यांना जमतं ते आपोआप लांब जातात, ज्यांना जमत नाही ते आपोआप जवळ येतात, म्हणजे प्रत्येक जोडी आपल्याला झेपेल त्या अंतरावर येऊन स्थिरावते. तुम्हाला काही वाटून द्यावं लागत नाही. बाद होण्याचा खेळ या वयात पूर्ण बंद ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तोच सर्वांत आधी बाहेर जाऊन बसतो, आणि तुमच्या ओसरीवरची चार-पाच मुलं बहुधा अशीच तिथे पोचली आहेत.

हातांबद्दल फार सूचना देऊ नका. दोनच पुरेत. चेंडू छातीच्या वर आला तर अंगठ्याला अंगठा, बोटं आकाशाकडे. कमरेच्या खाली आला तर करंगळीला करंगळी, बोटं जमिनीकडे. मुलांना हे म्हणायला आवडतं, एका सुरात घोकून घ्या. तिसरी गोष्ट म्हणजे चेंडूसोबत हात अंगाकडे मागे घेणं. ते शब्दांनी समजत नाही. "हातात येतंय ते अंडं आहे, फुटू द्यायचं नाही" एवढं म्हटलं की कोपर आपोआप वाकतात. छातीशी कवटाळण्याची सवय मोडायची घाई करू नका. चेंडू मऊ आणि छोटा होत गेला की ती आपली आपण सुटते.

ओसरीवर बसलेल्यांना हाताला धरून आणू नका आणि "ये ना, काही होत नाही" असंही म्हणू नका. त्यांना काम द्या: टांगलेला चेंडू मागे नेऊन सोडणं, अंकाचे कागद बदलणं, घरंगळत लांब गेलेले चेंडू गोळा करणं. चेंडू हातात यायला लागला की निम्मं काम झालं. तीन-चार दिवसांनी त्यातलं एखादं मूल तुमच्याकडेच चेंडू टाकतं. तेव्हा तुम्ही तो झेला आणि तितक्याच हलक्या हाताने त्याच्याकडे परत टाका. खेळ त्या मुलाच्या बोलीत होऊ द्या. तुमच्या भागात अहिराणी, लेवा, तडवी, पावरी अशा बोली घरी बोलणारी मुलं एकाच वर्गात असतात. "झेल", "उसळी", "अंतर" असले शब्द पहिलीतल्या काहींना नवे असतात. "मनाकडे टाक" (माझ्याकडे टाक) म्हणणाऱ्याला तसंच म्हणू द्या. पावरी बोलणाऱ्या मुलांकडून एक ते दहा त्यांच्या बोलीतले अंक शिकून घ्या आणि झेल मोजताना सगळ्या वर्गाला म्हणायला लावा. जे मूल एरवी गप्प असतं ते त्या दिवशी वर्गाला शिकवत असतं.

वर्गातल्या मुलींकडे जरा लक्ष द्या. ज्या घरी आजीबरोबर सागरगोटे खेळतात (काही घरी गजगे म्हणतात), त्यांचे डोळे आणि हात आधीच तयार झालेले असतात. एक गोटा वर, तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे आणि वरचा धरायचा, हा एका हाताचा अवघड झेल आहे. अशा मुली मैदानात मागे राहतात, कारण चेंडू मुलांच्या ताब्यात असतो. दुसरीच्या वर्गात आठवड्यातून एकदा सागरगोटे बसून सगळ्यांनी खेळा, मुलांनीही. शिकवणाऱ्या मुलीच असू द्या.

लगोरी तिसरीपासून घ्या, मऊ चेंडूने. आबाधोबी मात्र इतक्यात नको. चेंडूने एकमेकांची पाठ शेकायचा खेळ मोठ्या पोरांना कितीही प्रिय असला, तरी ज्या मुलाला चेंडू लागत नाही हा विश्वास आपण महिनाभर खपून दिला, त्याचा तो एका दुपारी जातो. तिसरी-चौथीच्या मुलांना आणखी एक खेळ फार भावतो. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा जो झेल घेतला, तो त्यांनी मोबाईलवर पाहिलेला असतो. खडूची रेघ ओढा. चेंडू स्वतःच वर उडवायचा, रेघेपलीकडे पाऊल टाकून परत यायचं आणि धरायचा. नजर वर ठेवून पाय हलवायला यातून शिकायला मिळतं आणि दहा मिनिटांत सगळ्यांचा घाम निघतो.

इतकं सगळं करूनही एखाद्या मुलाला टांगलेल्या चेंडूवरचा अंक दिसत नसेल, चेंडू बघताना मान एका बाजूला तिरपी होत असेल, एक डोळा मिटून बघत असेल, किंवा हात दर वेळी चेंडूच्या एकाच बाजूला पडत असतील, तर तो झेलाचा प्रश्न नाही. त्याचे डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांना त्या मुलाचं नाव आठवणीने सांगा. पथक यायला वेळ असेल तर पालकांना सरकारी दवाखान्यात पाठवा. चष्मा लागल्यावर ज्यांचे झेल आपोआप सुधारले, अशी मुलं मी पाहिली आहेत.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा पाऊण तास घेण्यापेक्षा रोज परिपाठानंतर दहा मिनिटं बरी. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, नऊच्या आत आटपा. आपल्याकडचं ऊन त्यानंतर मुलांना सोसवत नाही, आणि तापलेल्या सिमेंटवर अनवाणी पाय ठरत नाहीत.

टेनिसचे चेंडू कपाटातून कधी काढायचे? जोडीच्या खेळात चार-पाच पावलांवरून कापसाचा चेंडू बहुतेक वेळा फक्त पंजात यायला लागला, छातीचा आधार घ्यावा लागला नाही, की काढा. सुरुवात पुन्हा टप्प्याने आणि दोन पावलांवरून. चेंडूचा एका हाताचा झेल वयाच्या आठव्या वर्षानंतर. काही वडील दुसरीतल्या मुलाला सीझन बॉल (क्रिकेटचा चामडी चेंडू) आणून देतात, कारण त्यांना तो लवकर तयार व्हायला हवा असतो. त्यांना तो चेंडू एकदा हातात तोलून बघायला सांगा. तो १५६ ते १६३ ग्रॅमचा, टणक असतो, म्हणजे टेनिसच्या चेंडूच्या जवळपास तिप्पट वजनाचा. तो चेहऱ्यावर एकदा बसला की मूल वर्षभर मान फिरवत राहतं. त्याऐवजी संध्याकाळी अंगणात दहा मिनिटं मुलाबरोबर पुरचुंडी खेळा, असं सांगा, आणि खालून कसं टाकायचं ते मुलाकडूनच त्यांना शिकवून घ्या. तोवर ते त्याला नीट येत असेल.